कोणी थांबायचं ते टॅग सांगेल: प्रॉक्समॉक्सवर व्हीएमचा सीपीयू अग्रक्रम आपोआप लावण्याची पद्धत

महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या मध्यम युनिटमध्ये हिशेबाचं टॅली, स्टोअरचं ईआरपी, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, फाइल सर्व्हर आणि कधीतरी कोणीतरी उभं केलेलं टेस्ट मशीन, हे सगळं एकाच सर्व्हरच्या आठ-दहा कोअरवर नांदत असतं. दुपारी चारला टॅली रखडतं आणि त्याच वेळी टेस्ट मशीनवर डेटाबेसचं इंडेक्सिंग जोरात चालू असतं. हायपरव्हायजरच्या, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी दोघांचा हक्क सारखाच, कारण वेगळं काही कोणी त्याला सांगितलेलंच नाही.

ते सांगायची सोय प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायजरमध्ये आहे. प्रत्येक व्हीएमला सीपीयू युनिट्स नावाचं वजन देता येतं. अडचण अशी की हे वजन हाताने दिलं की सहा महिन्यांनी कुठल्या व्हीएमला किती दिलं आणि का, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून वजन थेट द्यायचं नाही. व्हीएमवर टॅग लावायचा आणि टॅग बघून वजन लावायचं काम एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवायचं. टॅग पडद्यावर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे निर्णय लपून राहत नाही.

पुढची पद्धत प्रॉक्समॉक्स व्हीई ७.३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या ७.३पासून टॅग वेब पडद्यावर नीट वापरता येऊ लागले. कमांड, टॅग आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने, लहान अक्षरांत टाकायची. टॅगमध्ये तसंही देवनागरी चालत नाही.

आधी वजनाचा हिशेब

वजन म्हणजे वेग नव्हे. सर्व्हरचा सीपीयू ४० टक्केच भरलेला असेल, तर वजन ४०० असो की २५, काहीही फरक पडत नाही. ज्याला जेवढं हवं तेवढं मिळतं. रांग लागली की मगच वजन कामाला येतं.

समजा ८ कोअरचा होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर, आहे; हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणारी सोय) बंद धरू. टॅलीची व्हीएम ४ व्हीसीपीयूची (व्हीसीपीयू म्हणजे व्हीएमला दिसणारा आभासी कोअर), वजन ४००. ईआरपीची ८ व्हीसीपीयूची, वजन १००. टेस्टची ८ व्हीसीपीयूची, वजन २५. तिघी एकाच वेळी पूर्ण ताणाने धावल्या तर मागणी २० कोअरची आणि माल ८ कोअरचा. वजनांची बेरीज ५२५, म्हणजे टॅलीच्या वाट्याला ६.१ कोअर येतात. पण तिच्याकडे व्हीसीपीयूच ४ आहेत, म्हणून ती ४वर थांबते. उरलेले ४ कोअर १०० आणि २५ या प्रमाणात वाटले जातात: ईआरपीला ३.२, टेस्टला ०.८. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाज हाच धरायचा.

या उदाहरणात टॅलीला वाचवणारी गोष्ट तिचं ४०० नाही, टेस्टचं २५ आहे. टॅलीचं वजन १०० आणि टेस्टचं २५ ठेवलं असतं, तरी टॅलीला साडेतीन कोअरच्या पुढे मिळाले असते. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे: वरचे टॅग वाटण्याआधी खालचे टॅग वाटा. प्रत्येक खात्याला आपली व्हीएम महत्त्वाची वाटते, ‘हाय’ मागायला सगळे पुढे येतात, आणि सगळ्याच ‘हाय’ झाल्या की कोणीच ‘हाय’ राहत नाही. कोणती कामं रात्री झाली तरी चालतील, हा प्रश्न विचारला तर उत्तरं प्रामाणिक मिळतात.

व्हीएमवेअरवरून आलेल्यांनी इथे सावध राहावं. त्या हायपरव्हायजरमध्ये वजनाला शेअर म्हणतात आणि ते व्हीसीपीयूमागे मोजले जातात: लो ५००, नॉर्मल १०००, हाय २०००. त्यामुळे ४ व्हीसीपीयूच्या नॉर्मल व्हीएमला ४००० आणि ८ व्हीसीपीयूच्या व्हीएमला ८००० शेअर आपोआप मिळतात, आणि ८ कोअरवर वाटणी साधारण २.७ आणि ५.३ अशी पडते. प्रॉक्समॉक्समध्ये वजन अख्ख्या व्हीएमला असतं. त्याच दोन व्हीएम सारख्या वजनावर ठेवल्या तर वाटणी ४ आणि ४. मोठ्या व्हीएमला मोठा वाटा हवा असेल तर तो मुद्दाम द्यावा लागतो.

टॅगची नावं आणि आकडे

तीन टॅग पुरतात: ‘सीपीयू-हाय’ म्हणजे ४००, ‘सीपीयू-मिड’ म्हणजे १००, ‘सीपीयू-लो’ म्हणजे २५. टॅगच नसेल तर १००, कारण सीग्रुपच्या (लिनक्समध्ये प्रक्रियांना सीपीयू-मेमरी वाटून देणाऱ्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत मूळ वजन तेच आहे. मर्यादा १ ते १०००० अशी आहे, पण म्हणून १०००० आणि १ वापरू नका. वजन फारच कमी झालेल्या व्हीएमला गर्दीत इतका कमी वेळ मिळतो की विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप गोठतं, आतल्या सेवा वेळेत उत्तर देत नाहीत आणि दुरुस्तीसाठी तिच्यात शिरणंही अवघड होतं. वरच्या आणि खालच्या टॅगमध्ये १६ पटींचं अंतर भरपूर झालं.

नावात कोलन घालता येत नाही. डॅश, टिंब, अधोरेष आणि अधिक चिन्ह चालतं. नावाची सुरुवात ‘सीपीयू-’ने ठेवली की यादीत हे टॅग एकत्र दिसतात आणि बॅकअपच्या किंवा खात्याच्या टॅगांत मिसळत नाहीत.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. साध्या टॅगसाठी वापरकर्त्याकडे त्या व्हीएमचे ऑप्शन बदलायचा अधिकार असला की पुरतो. म्हणजे ज्याला सीपीयू युनिट्स बदलायचा अधिकार दिलेला नाही, तोही टॅग लावून तुमच्या स्क्रिप्टकरवी वजन वाढवून घेईल. हे बंद करण्यासाठी डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये जाऊन हे टॅग ‘रजिस्टर्ड टॅग्ज’मध्ये नोंदवा. नोंदवलेला टॅग लावायला किंवा काढायला मुळाशी, म्हणजे पूर्ण डेटासेंटरवर, सिस्टिम मॉडिफाय हा अधिकार लागतो. तिथेच टॅग स्टाइलमध्ये हायला लाल, लोला राखाडी रंग द्या. डावीकडच्या यादीवर नजर टाकली की चित्र कळतं.

हुक-स्क्रिप्ट की टायमर

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम सुरू होताना आणि बंद होताना चालणारी हुक-स्क्रिप्ट देता येते, आणि पहिला मोह तिचाच होतो. या कामाला ती अपुरी आहे. चालू व्हीएमचा टॅग बदलला तर तिला पत्ताही लागत नाही. ती प्रत्येक व्हीएमला वेगळी जोडावी लागते, आणि तिची फाइल प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या, प्रत्येक सर्व्हरवर) त्याच स्टोरेजमध्ये नसेल तर व्हीएम दुसरीकडे सुरूच होत नाही. अग्रक्रम लावायच्या नादात व्हीएम उठेनाशी झाली तर काय उपयोग?

त्याऐवजी दर ५ मिनिटांनी चालणारी स्क्रिप्ट ठेवा. ती टॅग वाचते, असायला हवं ते वजन आणि असलेलं वजन ताडून बघते, फरक असेल तेवढाच दुरुस्त करते. वजनातला बदल चालू व्हीएमला लगेच लागू होतो, रीस्टार्ट लागत नाही.

स्क्रिप्टची रचना

बॅश (लिनक्सची कमांड-भाषा) आणि जेक्यू (जेसन स्वरूपातला डेटा वाचणारं साधन) एवढं पुरतं; जेक्यू मुळात नसेल तर एपीटीने टाकून घ्या. स्क्रिप्ट प्रत्येक नोडवर युजर-लोकल खालच्या एसबिन फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. ईटीसी-पीव्हीई फोल्डर सगळ्या क्लस्टरवर आपोआप पसरतं म्हणून ती तिथे ठेवावीशी वाटते, पण त्या फाइल-सिस्टिमवर फाइलला चालवण्याची परवानगी देताच येत नाही. तिथे फक्त टॅग आणि वजनांची तीन ओळींची फाइल ठेवा: एका ओळीत टॅग, मोकळी जागा, आकडा. आकडा एकदा बदलला की सगळ्या नोडना पोचतो.

१. ‘पीव्हीईएसएच गेट’ने क्लस्टर-रिसोर्सेसची यादी जेसन स्वरूपात घ्या, प्रकार व्हीएम. एका हाकेत सगळ्यांचे टॅग येतात. त्यातून प्रकार ‘क्यूईएमयू’, नोड म्हणजे स्वतःचाच, आणि टेम्प्लेट नसलेल्या ओळी निवडा. प्रत्येक नोडने फक्त आपल्याच व्हीएमना हात लावायचा.

२. टॅगची ओळ अर्धविरामावर तोडा आणि प्रत्येक तुकडा पूर्ण जुळतो का ते बघा. नुसत्या ग्रेपने शोधलं तर ‘सीपीयू-लो-नको’ या टॅगमध्येही ‘सीपीयू-लो’ सापडतो.

३. एकही टॅग नाही, तर अपेक्षित वजन १००. एक टॅग, तर फाइलमधला आकडा. दोन किंवा अधिक सापडले तर काहीच बदलू नका, फक्त लॉगमध्ये व्हीएमचा क्रमांक लिहून पुढे जा. मशीनने तिथे अंदाज बांधू नये; ज्याने दोन टॅग लावले त्यालाच विचारायला हवं.

४. ‘क्यूएम कॉन्फिग’ आणि व्हीएमचा क्रमांक देऊन सध्याची सीपीयूयुनिट्सची ओळ वाचा. ओळ नसेल तर १०० धरा. थेट कॉन्फिग फाइल वाचायचा मोह टाळा: स्नॅपशॉटच्या वेळची जुनी सेटिंग त्याच फाइलमध्ये खाली चौकटी कंसाच्या भागांत असतात, आणि निष्काळजी स्क्रिप्ट तिथला जुना आकडा उचलते.

५. फरक असेल तरच ‘क्यूएम सेट १०४ --सीपीयूयुनिट्स ४००’ अशी कमांड द्या. दर वेळी सरसकट लिहिलं तर प्रत्येक लेखन क्लस्टरभर पसरतं आणि प्रत्येक नोडच्या डेटाबेस फाइलमध्ये जातं. एसएसडीची झीज आणि क्लस्टरची वर्दळ, दोन्ही विनाकारण.

६. कमांड फसली तर लॉगमध्ये ओळ टाका आणि पुढच्या व्हीएमकडे वळा. बॅकअप किंवा मायग्रेशन चालू असताना व्हीएमवर कुलूप असतं आणि सेट नाकारलं जातं. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होणारच आहे, तेव्हा कुलूप ओलांडणारा ‘स्किपलॉक’ वापरू नका. नोडचा कोरम गेला, म्हणजे बहुसंख्य नोडशी त्याचा संपर्क तुटला असेल तर ईटीसी-पीव्हीई फक्त वाचता येतं आणि सगळेच सेट फसतात. तेही असंच सोसायचं. यासाठी स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ (चूक येताच थांबायची सूचना) लिहू नका, नाहीतर पहिल्या कुलपावर सगळी यादी अडेल.

टायमरसाठी सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) दोन फाइली लागतात. सर्व्हिस फाइलमध्ये प्रकार ‘वनशॉट’ आणि स्क्रिप्टचा पत्ता. टायमर फाइलमध्ये बूटनंतर २ मिनिटं आणि मागच्या फेरीनंतर ५ मिनिटं. आधीची फेरी चालू असेपर्यंत सिस्टिमडी दुसरी सुरू करत नाही, त्यामुळे क्रॉनसारखी एकावर एक फेरी चढत नाही. ‘सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ’ टायमरच्या फाइलवर चालवा, सर्व्हिसच्या नाही. इथे हमखास घोटाळा होतो: सर्व्हिस एकदा चालते, सगळं ठीक वाटतं, आणि पुढे कधीच चालत नाही.

पहिल्या दिवशी स्क्रिप्टला ‘कोरडी फेरी’ द्या: सेटच्या जागी फक्त काय बदललं असतं ते छापू द्या. जुन्या सर्व्हरवर ही यादी डोळे उघडणारी असते. ज्या व्हीएमना सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीच्या काळात, म्हणजे ६.एक्स मालिकेत, कोणी हाताने १०२४ लिहून ठेवलं, ते तेव्हाचं साधं मूळ मूल्य होतं. २०२१मध्ये ७.० आल्यापासून दुसरी आवृत्ती मूळ झाली, आणि तोच १०२४ आता शेजारच्या १००च्या दहापट जड आहे. निरुपद्रवी वाटणारं जुनं मशीन वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं असतं, ते असं.

तारखेवर चालणारा टॅग

टॅलीला महिनाभर ‘हाय’ देण्याची गरज नाही. गरज टीडीएस भरण्याच्या ७ तारखेच्या, जीएसटीआर-१च्या ११ आणि ३बीच्या २० तारखेच्या आसपास असते. यासाठी चौथा टॅग ठेवा, ‘सीपीयू-जीएसटी’: ५ ते ७, ९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना ४००, एरवी १००. तोही रजिस्टर्ड टॅग्जमध्ये नोंदवा. टॅग जागचा हलत नाही. तारीख बघून आकडा बदलायचं काम स्क्रिप्टमध्येच करा.

ठरावीक तारखेला टॅग लावणारी आणि काढणारी वेगळी स्क्रिप्ट लिहू नका. ‘क्यूएम सेट’मधला टॅग्जचा पर्याय यादीत भर घालत नाही, पूर्ण यादी बदलतो. एक टॅग लावायला गेलात की बाकीचे टॅग पुसले जातात.

दोन खाचखळगे इथे नक्की भेटतात. बॅशमध्ये तारीख ‘०८’ किंवा ‘०९’ अशी आली की पुढच्या शून्यामुळे ती अष्टमान संख्या समजली जाते आणि दुहेरी कंसातली तुलना चूक देते. नेमकी ९ तारखेलाच. शून्याशिवाय तारीख देणारं रूप वापरा, म्हणजे टक्के, डॅश, डी. दुसरं, होस्टची वेळ ‘टाइमडेटसीटीएल’ने तपासा. ती एशिया-कोलकाता नसून यूटीसी असेल तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला बदलेल.

लागलं की नाही ते तपासणं

कॉन्फिगमध्ये ४०० दिसतं म्हणून खूश होऊ नका, कर्नलला विचारा. सिस-एफएस-सीग्रुप फोल्डरमध्ये ‘क्यूईएमयू डॉट स्लाइस’, त्यात ‘१०४ डॉट स्कोप’, आणि त्यात ‘सीपीयू डॉट वेट’ ही फाइल ‘कॅट’ने वाचा. तिथे ४०० हवा.

खरी परीक्षा ताणाखाली. ज्या युनिटची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते त्यांना तो दिवस सोयीचा. दोन-तीन लिनक्स व्हीएममध्ये ‘स्ट्रेस-एनजी’ने सगळे व्हीसीपीयू ५ मिनिटं भरा. मग प्रत्येक स्कोपमधल्या ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलचा ‘युसेज-युसेक’ आकडा १० सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. फरकाला १ कोटीने भागलं की त्या व्हीएमने सरासरी किती कोअर वापरले ते मिळतं. फरक ३ कोटी ८० लाख असेल तर ३.८ कोअर. हा आकडा वरच्या वाटणीच्या हिशेबाशी ताडा. रोजच्या नजरेसाठी त्याच फोल्डरमधली ‘सीपीयू डॉट प्रेशर’ फाइल चांगली: टॅलीचा ‘सम’ (बेरीज नव्हे, ‘काही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द) ओळीतला ६० सेकंदांचा आकडा, म्हणजे सीपीयूसाठी थांबण्यात गेलेल्या वेळाचा टक्का, कामाच्या वेळी शून्याजवळ असला पाहिजे. लिनक्स व्हीएमच्या आत ‘टॉप’मधला ‘एसटी’ स्तंभ हीच तक्रार आतून सांगतो.

वाटणी चुकते ती कुठे

सगळ्यात फसवी जागा कंटेनरची, म्हणजे होस्टचाच कर्नल वापरणाऱ्या हलक्या मशीनची. वजन फक्त भावंडांमध्ये चालतं. सगळ्या व्हीएम क्यूईएमयू स्लाइसच्या पोटात असतात, एलएक्ससी कंटेनर वेगळ्या गटात, आणि होस्टच्या सेवा तिसऱ्या. या गटांचं आपसातलं वजन प्रत्येकी १०० असतं. म्हणजे व्हीएमला ४०० दिलंत तरी ती शेजारच्या व्हीएमपुढे जाईल, कंटेनरपुढे नाही. होस्टवर जड कंटेनर असतील तर ‘सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी’ने क्यूईएमयू स्लाइसचं सीपीयू वेट वाढवा, किंवा तो कंटेनर दुसऱ्या नोडवर हलवा. आम्ही दुसरं सुचवू.

टॅग वारसाहक्काने पुढे जातात. टॅलीच्या व्हीएमचा क्लोन काढून त्यावर नवी आवृत्ती तपासायला घेतली, की क्लोनसोबत ‘हाय’ टॅगही येतो आणि टेस्ट मशीन मूळ टॅलीशी बरोबरीने झगडू लागतं. क्लोन काढल्याबरोबर टॅग बदलायची सवय लावा. बॅकअपमधून परत आणलेल्या आणि जुन्या स्नॅपशॉटवर नेलेल्या व्हीएममध्येही त्या दिवशीचेच टॅग असतात.

‘लो’ टॅगची व्हीएम बॅकअपला जास्त वेळ घेऊ शकते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जाणाऱ्या बॅकअपमध्ये तुकडे पाडणं आणि दाबणं व्हीएमच्याच प्रक्रियेत होतं, तेव्हा ते कामही त्याच २५च्या वजनात मोडतं. रात्री होस्ट मोकळा असेल तर जाणवत नाही. दिवसा बॅकअप घेत असाल तर जाणवेल.

वजनाऐवजी सीपीयू लिमिट लावावी असं अनेकदा सुचवलं जातं. लिमिट १०० मिलिसेकंदांच्या हप्त्यात मोजली जाते. ८ व्हीसीपीयूच्या व्हीएमला २ची लिमिट दिली आणि तिने आठही व्हीसीपीयू पळवले, तर २५ मिलिसेकंदांत कोटा संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद ती गोठते, होस्ट रिकामा असला तरी. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये असे झटके नकोत. खरोखर कमी द्यायचं असेल तर व्हीसीपीयूच कमी करा. ८ व्हीसीपीयू दिलेली पण २चंच काम करणारी व्हीएम गर्दीत स्वतःचंही नुकसान करते: तिचा एक व्हीसीपीयू आतलं कुलूप धरून रांगेत उभा राहतो आणि बाकीचे त्याची वाट बघत फिरत बसतात.

डिस्क आणि मेमरीच्या रांगेवर या वजनाचा काही परिणाम नाही. होस्टच्या पडद्यावर आयओ डिले (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) वाढलेला आणि सीपीयू निवांत दिसत असेल तर टॅग बदलत बसू नका, स्टोरेज बघा. आणि मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात सर्व्हर खोलीचा एसी दमला, तर सीपीयू तापून घड्याळ, म्हणजे आपला वेग, उतरवतो आणि एरवी पुरणारे ८ कोअर पुरेनासे होतात. अशा दिवशी अचानक वजनं कामाला येताना दिसली तर आधी तापमान बघा.

काढून टाकायचं झाल्यास

आधी टायमर ‘डिसेबल --नाऊ’ करा. उलट क्रमाने केलंत तर स्क्रिप्ट पाच मिनिटांत सगळं पुन्हा लावेल. मग प्रत्येक व्हीएमवर ‘क्यूएम सेट’ला ‘--डिलीट सीपीयूयुनिट्स’ द्या आणि स्कोपमधलं वजन १००वर आलं का ते वाचा. क्यूईएमयू स्लाइसचं वजन वाढवलं असेल तर ‘सिस्टिमसीटीएल रिव्हर्ट’ने तेही मागे घ्या. टॅग राहू दिले तरी चालतील, ते नुसते लेबल म्हणून उरतात.